पांढरी चार

जूनच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मी कोल्हापुरातल्या एका खाजगी संगीत महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाची फी भरली. सोळा हजार आठशे. हजर तिघं: मी, माझा नवरा सुनील आणि खिडकीमागची नवीन क्लार्क मुलगी. तिने सुनीलकडे बघून विचारलं, "मुलगी आलीय का सोबत? सही लागेल तिची." सुनील म्हणाला, "मुलगी न्हाय, बायको हाय. ती बघा, पर्स धरून उभी." पोरीने माझ्याकडे बघितलं, अर्जावरच्या फोटोकडे बघितलं आणि शिक्का मारला.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. काहीही सांगायचं तर दिवस, रक्कम आणि कोण हजर होतं एवढं आधी सांगून मोकळं व्हायची सवय आहे. तशी मोकळी झाले. पण मनात घोळतो तो जून नाही, त्याच्या पुढचा एप्रिल.

तो एप्रिल दरवर्षी परत येतो. जोतिबाच्या यात्रेहून परतणाऱ्या ट्रकांतून गुलाल उडत जातो आणि बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल गुलाबी होतात. साखर कारखान्यांचे हंगाम आटपलेले असतात, तरी संध्याकाळच्या वाऱ्याला मळीचा वास लागलेला असतोच. दुपारी शेजारचे पत्रे तापून टणटण वाजतात. मला एका जागी बसवत नाही. भाजी चिरताचिरता उठते, दाराशी जाते, काय बघायला गेले ते विसरून परत येते. कान सारखा काहीतरी शोधत असतो. कुकरची शिट्टी झाली की ती कुठल्या पट्टीत झाली ते पेटीवर बघून येते. सुनील पेपरातून डोकं वर न काढता विचारतो, "काय निघाली?"

"पांढरी सहा."

"मग भात झाला म्हणायचा."

कॉलेज म्हणजे फरशीच्या दुकानावरचे दोन मजले. खाली कटर मशीन सुरू झालं की वर तानपुऱ्याला काही किंमत राहायची नाही, म्हणून दुकान उघडायच्या आत, सकाळी सातला, आमचा वर्ग असायचा. जिन्यात चपलांचा ढीग. वर सतरंजी, कोपऱ्यात गवसणी घातलेले तानपुरे, पेटीच्या भात्याचा कोंदट कापडी वास आणि कुणीतरी घाईत खाऊन आलेल्या वड्याचा वास. वर्गातल्या पोरी एकोणीस-वीसच्या. त्या एकमेकींना फोनवर बंदिशी पाठवायच्या, रिक्षात ताना पाठ करायच्या, गाता गाता केस बांधायच्या. मला मांडी मोडून उठायला भिंत लागायची.

गारगोटीची ऋतुजा माझी जोडीदारीण. होस्टेलला राहायची आणि आमच्याकडच्या पुष्कळ पोरींसारखी स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "काकू, पोरीला सोडायला आलाय व्हय?" तिसऱ्या वर्षी तीच म्हणायची, "काकू, मी तुमच्याजवळ बसतो. तुमच्या हाताकडं बघून सम धरतो." ते खरं होतं. मात्रा मला कधी चुकल्या नाहीत. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा एवढ्या लांब असतात की मधल्या वेळात माणूस घरी काय भाजी करायची ते ठरवून येईल. मी ठरवून यायचे आणि तरी समेवर वेळेत असायचे. भांडण होतं ते गळ्याशी.

ज्यांनी पेटी जवळून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजतात, आणि गाणारा आपला सा जिथे धरतो ती त्याची पट्टी. बायका साधारण काळी चारच्या आसपास गातात. मीही लहानपणापासून काळी चार. खरं तर ती माझ्या वडिलांची, आबांची पट्टी. मी ती घेतली, जसं नाकडोळे घेतले.

आबा उचगावला पार्टी चालवायचे. भीमगीतं गाणाऱ्यांची पार्टी: एक पेटी, एक ढोलकी, टाळ आणि मागे धरणारे तिघे-चौघे. वर्षभर ते फौंड्रीत भट्टीसमोर असायचे. एप्रिल लागला की संध्याकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घालायचे आणि टेंपोत बसायचे. मीही बसायचे. कुरुंदवाडपर्यंत गेलेलं आठवतं, नदीवरून जाताना गार वारा लागायचा आणि आबा आम्हाला तोंड मिटून बसायला लावायचे. बऱ्याच गावांत ऐन वेळी लाईट जायची. लाईट गेली की माईक गेला. मग आवाज नुसत्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. आबा म्हणायचे, "खालच्या आवाजात आपण मागत न्हाय, मग गायचं कशाला? तिकडं टोकाला म्हातारी बसलीया, तिला शब्द कळला पायजे." वरचा सा लावताना त्यांच्या मानेची शीर दोरीसारखी वर यायची. माझी तशी येते का ते मी घरी येऊन आरशात बघायचे.

आबा गेल्यावर पार्टी माझा मोठा भाऊ, दिलीपदादा, चालवतो. पेटीवर अजून आबांच्या वेळचे बबनकाकाच. आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या संध्याकाळी, उचगावात आबा शेवटी म्हणायचे ते गाणं मी म्हणायचं, हे तेव्हापासून कधी चुकलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझा आवाज वर जाईना. जायचा, पण तिथे राहायचा नाही. वरच्या सा-ला थरथरायचा आणि रे-ला कापडावरून नख ओढल्यासारखा व्हायचा. पाळी थांबून वर्ष होत आलं होतं. गुडघ्यांचं, झोपेचं, केसांचं बायकांकडून ऐकलं होतं. आवाजाचं कुणी सांगितलं नव्हतं. मी मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, दही बंद केलं, लोणचं बंद केलं. पहाटे उठून वरचा सा लावत बसायचे. सुनील उशीत तोंड घालून म्हणायचा, "लोणच्यानं काय घोडं मारलं हुतं तुझं?"

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून थोड्या मोठ्या. बोलणं सरळ, कधी कधी फार सरळ. जानेवारीत एका सकाळी त्यांनी माझी तान मध्येच थांबवली.

"शोभाताई, आवाज खाली आलाय तुमचा. पट्टी उतरवा. पांढरी चार घ्या."

"सर्दी आहे मॅडम."

"दिवाळीपासून?"

ऋतुजा मध्ये पडली, "मॅडम, काकूंचा वरचा सूर पण लागतोय की."

"लागतो. पण ऐकणाऱ्याला लागतो," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

काळी चारवरून पांढरी चार म्हणजे तीन सूर खाली. पेटीवर दोन बोटांचं अंतर. मला मात्र कुणीतरी न विचारता पगार कापावा तसं झालं. ऑफिसला जाताना, लक्ष्मीपुरीतून स्कूटर काढताना, मी पुन्हा पुन्हा काळी चारचा सा लावून बघत होते. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने हसून बघितलं. "काय पावणं?" असं मी विचारल्यावर त्याने तोंड फिरवलं.

परीक्षा एप्रिलात, जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी. शेवटच्या वर्षाला प्रत्येकीने एक राग मंचावर गायचा, समोर बाहेरचे परीक्षक आणि जे येतील ते श्रोते. त्यात नापास म्हणजे पदवी नाही, वर्ष पुन्हा. आमच्या कॉलेजात या परीक्षेचा क्रम नावाने लागायचा नाही, पट्टीने लागायचा. मुलींच्या आवाजाला लावता येतील असे तानपुरे दोनच, आणि ते एकदा मनासारखे लागले की सहजासहजी कुणी खुंटीला हात लावू द्यायचं नाही. म्हणून सकाळपासून काळी चारच्या पोरी ओळीने, दुपारी पांढरी पाचच्या, आणि वेगळ्या पट्टीचं कुणी असेल तर सगळ्यात शेवटी. पांढरी चार म्हणजे मी एकटी, संध्याकाळी, रिकाम्या खुर्च्यांसमोर. आणि ज्या ज्या पोरी सकाळपासून तिथे असतील त्या सगळ्यांना कळणार की काकूंची पट्टी उतरली.

पोरींचं सगळं ठरलं होतं. एकसारख्या किनारीच्या साड्या, एकीने गायचं तेव्हा दुसरीने मागे तानपुरा धरायचा. ऋतुजा म्हणाली, "काकू, काळी चारच सांगा. आपण पाठोपाठ येऊ. मी तुमच्यामागं बसतो तानपुऱ्यावर." मॅडमनी विचारलं तेव्हा मी काळी चार सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "जयंती होऊ द्या. मग परत विचारते."

प्रश्न एवढाच होता. वर गाऊन नापास व्हायचं, की खाली येऊन सगळ्यांदेखत मान्य करायचं की आवाज गेला. ऑफिसात मार्चअखेरीची धांदल होती. बेरजा जुळत होत्या, माणूस जुळत नव्हतं. संध्याकाळी मी रंकाळ्याला चालायला जायचे. कानात फोनवरचा तानपुरा. बागेपासून घाटापर्यंत काळी चार, परत येताना पांढरी चार. भेळेच्या गाड्यांवर कढई खडखडायची, पाण्याचा शेवाळी वास यायचा, आणि मी पुटपुटत चालायचे. ओळखीच्या एका बाईने घरी येऊन सुनीलला विचारलं की वहिनींचं काही टेन्शन आहे का. "हाय की," तो म्हणाला, "पण सुरात हाय."

मी पूरिया निवडला होता. या रागात पंचम नाही, आणि सा-वरही फार टेकायचं नसतं. खालच्या निषादावरून उठायचं, रे-ला स्पर्श करून गंधारावर जायचं आणि परत फिरायचं. घर समोर दिसतंय पण उंबऱ्यावर थांबायचं नाही, असं त्याचं चालणं. कर्जाचे अर्ज तपासता तपासता तो माझ्या डोक्यात फिरत राहायचा, आणि मी एकच पान दोनदा वाचायचे. आजही मला वाटतं की तो राग मी त्या वर्षी शिकले नाही. तो माझ्या अंगावर होता, घामासारखा.

चौदा एप्रिलला दुपारीच मी उचगावला गेले. वस्तीत निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, मोठ्या पातेल्यात खीर, वेलदोड्याचा वास, स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारी पोरं. सातच्या सुमारास पार्टी बसली. मी आधीच बबनकाकांजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "काका, आज जरा खाली धरता का? पांढरी चार."

बबनकाकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पेटी विकायला काढली आहे.

"पांढऱ्यावरनं माझी बोटं चालत न्हाईत, शोभे. जलमभर काळी चार वाजीवली. तुज्या बानं दुसरं काय मागितलंच न्हाय. डोळं झाकून बोटं तितंच जात्यात."

"आजच्या दिवस?"

"आज कसं शिकू? तू गा की. तुला काय हुतंय."

पार्टीतली मागची दोन माणसं हसली. दादाने माईक माझ्या हातात दिला. पुढे बायका-पोरं बसलेली, काही जणींच्या मांडीवर झोपलेली बाळं. मी काळी चारला सा घेतला आणि सुरू केलं. पहिलं कडवं नीट गेलं. ढोलकी अंगात भिनली. दुसऱ्या कडव्यात एक ओळ वर जाते. ती ओळ आधी एकट्या गाणाऱ्याची. तो म्हणून झाला की मागचे ती उचलतात. आजवर कधी यात बदल झाला नव्हता. मी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि तोंड उघडलं तर दादा आणि मागचे तिघे आधीच त्या ओळीवर होते. अर्धी मात्रा आधी. चार पुरुषी आवाज माझ्यावर येऊन पडले आणि त्यांच्याखाली माझा फाटलेला सूर कुणाला ऐकू आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची ओळ माझी मला परत मिळाली.

लोकांना काही कळलं नाही. पण मात्रा मला चुकत नाहीत. एखादा माणूस चुकून अर्धी मात्रा आधी येतो. चौघं एकदम येत नाहीत.

खीर खाताना मी दादाला गाठलं. तो वाटी पुसून खात होता.

"ओळ आधी घेतलीस."

"कुणाच्या ध्यानात आलं न्हाय."

"ठरवलं होतंत?"

"मागल्या जयंतीलाच ठरीवलं हुतं. तवा वर जाताना तू डोळं मिटलंस. म्हटलं, बाई दमायली. पण तवा निभावलंस. आज लागलं."

मी म्हटलं, "आबा असते तर त्यांना चाललं नसतं."

दादा हसला. "आबांना? आगं, आबांची ती ओळ शेवटची दोन वरसं आमीच धरत हुतो. त्यांनीच सांगितलं हुतं, मी डोळं मिटलं की तुमी या. तू तवा समोर बसायचीस, कडंवर पोरगं घिऊन. टाळ्या वाजवायचीस."

वाटीत खीर तशीच राहिली. मला आठवत होता तो आबांचा शेवटच्या वर्षांचा आवाज, भट्टीसारखा पेटलेला, टोकापर्यंत जाणारा. मी इतकी वर्षं त्याच्याशी माझा आवाज लावून बघत होते. आणि तो एका माणसाचा नव्हताच. त्यात दादा होता, ढोलकीवाल्याचा भाऊ होता, आणखी दोघं होते. मला राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला. आबांनी मला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी गुपचूप मागे उभी राहून तीच ओळ धरली नसती का? स्कूटरवरून परत येताना गांधीनगरच्या फाट्यावर एका ट्रकने हॉर्न दिला आणि पहिल्यांदाच मी तो कुठल्या पट्टीत आहे हे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या आधी मॅडमना जाऊन सांगितलं, "पांढरी चार लिहा."

त्या उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे भिंतीला टेकून एक तिसरा तानपुरा उभा होता, कॉलेजचाच, जुना, बंद पडलेला म्हणून गवसणीत ठेवलेला. खालच्या पट्टीला पातळ तारा सैल पडतात आणि नुसत्या फडफडतात. त्याला जाड तारा चढवलेल्या होत्या. मी तो छेडला. सा पोटात गेल्यासारखा वाजला.

"मिरजेला पाठवला होता," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस झाले तारा बदलून. तुमचं डोकं बदलायला वेळ लागला."

परीक्षेच्या दिवशी मी सकाळी सातपासून होते. काळी चारच्या पोरी एकामागून एक गेल्या. सकाळी दहाला कुणी यमन गायलं, भर दुपारी कुणी मालकंस, परीक्षेला काय घड्याळ. खालून कटरचा आवाज यायचा आणि परीक्षक कपाळाला आठ्या घालायचे. ऋतुजाची तान स्वच्छ गेली. खाली उतरल्यावर ती रडली आणि मग डबा खाल्ला. संध्याकाळ होत आली तशा खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. परीक्षकांनी दुसरा चहा मागवला. फरशीच्या दुकानाचं शटर खाली आलं. सुनील कामावरून तसाच आला होता, ऑईलचे डाग पडलेल्या शर्टात, मागच्या रांगेत. ऋतुजा गेली नव्हती. साडीचा पदर खोचून माझ्यामागे तानपुरा घेऊन बसली. "काकू, मी हाय," एवढंच म्हणाली.

खिडकीत उजेड पिवळा होऊन कमी होत होता. पूरियाची वेळच ती. दिवसभरात कुणाचा राग त्याच्या वेळेला आला नव्हता. शेवटी बसवलं म्हणून माझा आला. मी खालच्या निषादावर गेले. दिवाळीपासून वर चढायच्या नादात मी त्या बाजूला नीट बघितलंच नव्हतं. तिथे आवाज जाड, स्थिर, उभा होता. मला तो ओळखू आला नाही, आणि तो माझा होता. वर जायचं तेवढं गेले, टोकाला गेले नाही. परीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पूर्ण वेळ होईपर्यंत घंटी वाजवली नाही. पास झाले. पहिला वर्ग नाही मिळाला, थोडक्यात गेला, ते आजही खटकतं.

अस्वस्थपण गेलं असं म्हणणार नाही. एप्रिलमध्ये अजूनही हात कामाला लागत नाहीत. वरचा सा आठवतो, आणि कधी घरी कुणी नसलं की लावूनही बघते. लागत नाही. मग पेटी बंद करते.

त्याच वर्षी मे महिन्यात मी बबनकाकांना निरोप पाठवला, की रविवारी माझ्याकडे या, आबांचं गाणं पांढरी चारवर बसवायचं आहे. ते आले. पेटीपुढे बसले, बोटं उचलली, आणि बोटं सवयीने काळ्यावर गेली. पुन्हा बसवली, पुन्हा गेली. सुनील म्हणाला, "काका, वासरू गोठ्यात पळतंय." काकांना घाम फुटला. दोन तासांनी ते म्हणाले, "ह्या वयात बोटं मोडून घ्यायची म्हंजे मजुरी पडंल, शोभे. फुकट शिकणार न्हाय मी."

"शिकणारा फी देतो काका, घेत नाही."

"ते कालेजात. हितं न्हाय."

म्हटलं बरं. मेचे रविवार झाले, जूनमधलेही दोन. पुढच्या जयंतीला त्यांनी पेटी पांढरी चारला धरली, मागे धरणारे आपल्या जागी आले, आणि वरची ओळ मी एकटीने म्हटली. सहा रविवारांचे, उचगावहून येण्याजाण्याचं रिक्षाभाडं धरून, बाराशे रुपये बबनकाकांच्या हातात दिले.